ता. क.मधला निळा मग

ताई,
माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं. नवऱ्याचं हे दुसरं लग्न, माझं पहिलं. त्याची पहिली बायको चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मी तिला कधी पाहिलं नाही, पण राहते तिच्याच घरात. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. पुस्तकांवर तिच्या सह्या आहेत. नणंद आली की तिच्या तोंडून चुकून तिचंच नाव निघतं आणि मग सगळे गप्प होतात. कॉलेजात असताना वाचलेली 'रिबेका' मी गेल्या वर्षभरात पाच वेळा वाचली. मीच ती बाई आहे. घर तिचं, नवरा तिचा आणि नणंद म्हणजे मिसेस डॅन्व्हर्स. खिडकीचा प्रसंग तर मला पाठ झालाय. नवरा स्वभावाने चांगला आहे. लग्नाआधी त्याने विचारलं होतं, भिंतीवरचा तिचा फोटो काढून ठेवू का? मी म्हटलं, राहू दे. आता तो फोटो मला बघवत नाही. 'माझं तिच्यावर प्रेम नव्हतं' असं त्याने एकदाच म्हणावं, मी सुटेन. हे त्याला विचारू का? की दुसरीकडे राहायला जाऊ म्हणून हट्ट धरू? मैत्रीण म्हणते, आधी ते पुस्तक रद्दीत टाक.
– दुसरी
ता. क. मागच्या महिन्यात तिचा निळा मग माझ्या हातून फुटला. तुकडे कागदात गुंडाळून माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवलेत. कान तेवढा अख्खा राहिलाय. त्याने अजून विचारलं नाही. हे आपलं असंच सांगितलं.

प्रिय मैत्रिणी,

पुस्तक रद्दीत टाकू नकोस. एखादी कादंबरी वर्षभरात पाच वेळा हातात घ्यावीशी वाटते तेव्हा तिला आपल्याशी काहीतरी बोलायचं असतं. ते ऐकण्याआधीच तिला घराबाहेर काढून काय मिळणार? माझं म्हणणं वेगळं आहे. पाच वेळा वाचूनही तू ती निवडून निवडून वाचली आहेस. दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारी पानं तुला पाठ आहेत, आणि बाकीची तू नुसती उलटलीस.

ज्यांनी 'रिबेका' वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, आणि पुढे शेवटही सांगावा लागणार आहे. डॅफ्नी ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी १९३८ साली आली. एका श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली एक बुजरी, पोरकी मुलगी तिच्या दुप्पट वयाच्या मॅक्सिम डी विंटरशी लग्न करते आणि त्याच्या मँडरली नावाच्या वाड्यात येते. त्याची पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून गेली, त्याला जेमतेम वर्ष होत आलेलं असतं. घर मात्र अजून रिबेकाच्याच शिस्तीने चालतं, आणि ती शिस्त राखायला मिसेस डॅन्व्हर्स ही कारभारीण बसलेली आहे.

गोष्ट सांगणाऱ्या या मुलीला शेवटपर्यंत नाव मिळत नाही. 'रिबेका'च्या नव्वद वर्षं आधी, १८४७ साली, शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' आली होती. तिथेही मोठा वाडा आहे, मनात काहीतरी दडवून बसलेला मालक आहे आणि आधीची बायको आहे. पण त्या पुस्तकाच्या पाठीवर नाव जेनचं आहे. इथे मुखपृष्ठही गेलेल्या बाईने घेतलंय आणि जिवंत बाईची जागा कोरी सोडलीय. त्या कोऱ्या जागेत तुझ्यासारख्या कितीजणींनी आपापलं नाव लिहिलं असेल. त्यामुळे 'मीच ती' असं वाटण्यात काही वेडेपणा आहे, हे आधी मनातून काढून टाक.

पण मला एक प्रसंग तुझ्यासमोर धरायचा आहे. वाड्यात येऊन तिला एखादा दिवस झालेला असतो. रिबेकाच्या लिहायच्या टेबलाशी ती बसलेली असते आणि फोन वाजतो. पलीकडून विचारणा होते, 'मिसेस डी विंटर?' आणि ही घाबरून सांगते, तुमची चूक होते आहे, मिसेस डी विंटर वर्षापूर्वीच वारल्या. मग लक्षात येतं, विचारणाऱ्याला हीच हवी होती. फोन घरातलाच होता.

तू सहीच्या जागी 'दुसरी' लिहिलंस तेव्हा मला तो फोन आठवला. तुझं पत्र मी पुन्हा नीट वाचलं. त्यात तुला दुसरी म्हणणारं कोणीही नाही. नवरा म्हणत नाही, नणंद म्हणत नाही. तू फोन उचललास आणि स्वतःच सांगितलंस, ती बाई गेली, इथे आता कोणी नाही.

हे दुखणं लिहिणारीलाही ठाऊक होतं. १९३७ साली डॅफ्नी अलेक्झांड्रियात होती. नवरा सैन्यात अधिकारी, त्याची नेमणूक तिथे. घरापासून लांब, परक्या उन्हात बसून तिने ही कादंबरी लिहायला घेतली. तिच्याआधी नवऱ्याचं एका मुलीशी लग्न ठरून मोडलं होतं. त्या मुलीची जुनी पत्रं डॅफ्नीच्या पाहण्यात आली होती, आणि सहीतला तो ऐटबाज 'आर' तिच्या मनातून जाईना. कादंबरीतल्या रिबेकाच्या सहीत उंच, तिरका 'आर' आहे, बाकीच्या अक्षरांना खुजं करून टाकणारा. त्याचं मूळ इथे आहे असं मानतात. लोक ह्या पुस्तकाला प्रेमकथा म्हणत राहिले. डॅफ्नीच्या लेखी तो मत्सराचा अभ्यास होता.

तेव्हा डब्यांवरच्या अक्षरांनी तुझा जीव कासावीस होतो ह्याचं मला नवल वाटत नाही. अक्षर फोटोपेक्षा जिवंत असतं. फोटोतला माणूस त्या एका क्षणात थांबलेला असतो, पण अक्षर पाहिलं की हात हलताना दिसतो. तू रोज डबा उघडतेस म्हणजे रोज त्या हाताला हात लावतेस. फक्त एक कर, त्या चिठ्ठ्या कोणी घरात नसताना खरवडून काढू नकोस. कादंबरीतल्या मुलीने लग्नाआधीच हा उपाय करून पाहिला होता. रिबेकाने मॅक्सिमला दिलेल्या कवितांच्या पुस्तकातलं सहीचं पान तिने कापून काढलं, फाडलं आणि जाळलं. सगळ्यात शेवटी जळतो तो 'आर', आणि जळताना क्षणभर आधीपेक्षाही मोठा होतो.

आता सांग, रिबेकाबद्दल त्या मुलीला काय काय माहीत असतं? कुणाच्या तरी रेनकोटाच्या खिशात सापडलेला रुमाल. केसांचे ब्रश. दोन-चार वाक्यं, तीही अर्धवट. बाकी सगळी रिबेका तिने स्वतःच्या मनाने उभी केलेली आहे. एका रात्री जेवायच्या टेबलावर ती मनातल्या मनात रिबेका होऊन बसते. रिबेका कशी हसत असेल, फोनवर कोणाशी कशी बोलत असेल, हे तिच्या चेहऱ्यावर उमटत जातं आणि समोर बसलेला मॅक्सिम दचकून विचारतो, काय चाललंय तुझं? तुझा चेहरा असा का झाला? डॅन्व्हर्स त्या खोलीत नसते. हिला छळणारं तिथे दुसरं कोणीच नसतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते ह्याच टेबलासाठी म्हटल्यासारखं वाटतं मला.

तुझ्या पत्रात त्या गेलेल्या बाईबद्दल खरी माहिती किती आहे, हे मी मोजलं. ती आजारी होती. तिचं अक्षर. तिचा मग निळा होता. बस. ती कशावरून चिडायची, तिला काय जमायचं नाही, त्या दोघांची भांडणं कशावरून व्हायची, शेवटच्या दिवसांत तिला कशाची भीती वाटत होती, ह्यातलं एक अक्षर नाही. तुला ह्यातलं काही माहीत नाही कारण तू विचारलं नाहीस, आणि तू विचारत नाहीस म्हणून तो सांगत नाही. त्याला वाटत असेल, नवी बायको, तिच्यापुढे कशाला जुनं काढा. तुझ्या 'राहू दे'चा अर्थ त्याने शब्दशः घेतला असणार. माणसं घेतात.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. त्याने एकदाच म्हणावं, माझं तिच्यावर प्रेम नव्हतं. हे वाक्य तू कादंबरीतून उचललं आहेस. मॅक्सिम सांगतो की मी रिबेकाचा द्वेष करत होतो, आणि त्या मुलीच्या छातीवरचा दगड उतरतो. वाचताना आपलाही उतरतो. पण त्याच दमात तो काय सांगत असतो, आठवतं? आपण तिला गोळी घातली, प्रेत होडीत ठेवलं आणि होडी बुडवली. समोर बसलेली बायको हे ऐकते आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत राहते, ह्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं. एका बाईचा खून झालाय हे तिला त्या क्षणी टोचतच नाही. १९४० साली हिचकॉकने चित्रपट केला तेव्हा हा भाग बदलावा लागला. खुनी माणूस शिक्षेविना सुटलेला पडद्यावर दाखवायला तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमांची परवानगी नव्हती, म्हणून तिथे रिबेका पडते आणि डोक्याला मार लागून मरते. कादंबरीत तशी सोय नाही. तिथे त्या मुलीच्या सुखाची किंमत लिहिलेली आहे.

तुझ्या नवऱ्याने तुला हवं ते वाक्य म्हटलंच तर काय होईल, कल्पना कर. एक तर तो खोटं बोलत असेल, आणि तुला ते कळेल. किंवा तो खरं बोलत असेल, म्हणजे आजारी बायकोची शेवटपर्यंत सोबत करणारा हा माणूस मनातून तिच्याबद्दल कोरडा होता. अशा माणसाशेजारी तुला झोप लागेल? मला नाही लागणार. त्याचं तिच्यावर प्रेम असणार. ती गेल्यावर तो खचला असणार. आणि तरीही त्याने पुन्हा संसार मांडायचं धाडस केलं, तुझ्याशी. हा प्रश्न त्याला विचारू नकोस. 'तुला कोण जास्त आवडतं' हा त्याचाच धाकटा भाऊ, तोही नको.

घर बदलण्याबद्दल. कादंबरीचं दुसरं प्रकरण पुन्हा काढ. गोष्टीचा शेवट खरं तर तिथे सांगून टाकलाय आणि पुढच्या गडबडीत आपण तो विसरतो. मँडरली राहिलेलं नाही, शेवटच्या पानावर त्याच्या आगीने आभाळ लाल झालेलं असतं. दोघं देशाबाहेर, कुठल्याशा साध्या हॉटेलात राहतात. रिबेकाचं सावट संपलं, सगळं खरं बाहेर आलं, दोघांमध्ये आता गुपित नाही. आणि तरी ती त्याला रानकबुतरांवरचा लेख वाचून दाखवता दाखवता थबकते, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. घाईने पानं उलटून ती क्रिकेटची बातमी शोधते. पुढच्या वेळी अशी पानं ती मनातच वाचते. रात्री स्वप्नात पुन्हा मँडरलीला जाते. कादंबरी सुरूच त्या स्वप्नाने होते. मनी वसे ते स्वप्नी दिसे. एवढं घर जळूनही सुटलं नाही. नवं घर घ्यायचं तर पुढे केव्हातरी घ्या, दोघांना उजेड जास्त हवा म्हणून, खोली कमी पडते म्हणून. आत्ता नको.

इथे मध्येच एक गोष्ट विचारते, आणि तू ती टाळू नयेस अशी माझी इच्छा आहे. खिडकीचा प्रसंग पाठ झालाय, असं तू लिहिलंस. धुक्यातली ती खिडकी, आणि डॅन्व्हर्स कानाशी कुजबुजते, मार उडी, सोपं आहे. तो प्रसंग तू केवळ लिखाणासाठी वाचतेस की तुलाही कधी तसं वाटतं? वाटत असेल तर बाकीचा सल्ला बाजूला ठेव. आजच नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांग आणि डॉक्टरकडे जा, एकटी जाऊ नकोस. कादंबरीत ऐन वेळी जहाज खडकावर अडकतं, रॉकेटांचे आवाज होतात आणि ती भानावर येते. लेखिकेच्या हातात ते होतं. आपल्याला कुणाला तरी हाक मारावी लागते. आणि माझी शंका चुकीची असेल तर फार बरं, तेवढं एका ओळीत कळव.

आता नणंद. तू तिला डॅन्व्हर्सच्या जागी बसवलंस, पण कादंबरीत खरीखुरी नणंद आहे, तिला तू साफ विसरलीस. मॅक्सिमची बहीण बीट्रिस. मोठ्या आवाजाची, फटकळ. पहिल्याच भेटीत सांगून टाकते, तू रिबेकाहून किती वेगळी आहेस. हे वाक्य डॅन्व्हर्सच्या तोंडी घातलं तर विष वाटेल. बीट्रिसला मात्र ही नवी भावजय आवडलेली असते. तिला चित्रांची आवड आहे एवढं कळल्यावर ती लग्नाची भेट म्हणून चित्रकलेच्या इतिहासाचे चार जाडजूड खंड पाठवते. डॅन्व्हर्स रिबेकाचं नाव चुकून घेत नाही, मोजून मापून घेते, समोरचीला कुठे लागेल ते बघून. तुझ्या नणंदेच्या तोंडून ते निसटतं, आणि त्यानंतर गप्प होणाऱ्यांत ती स्वतःही असते, हे तूच लिहिलंयस. तिची वहिनी गेली आहे. कितीतरी वर्षं तेच नाव त्या घरात हाक मारताना तोंडी बसलेलं आहे. पुढच्या वेळी ते नाव निघालं की तू गप्प बसू नकोस. 'त्या कशा होत्या हो?' एवढंच विचार, आणि तिला बोलू दे. पहिल्यांदा तिला रडू येईल कदाचित. येऊ दे.

बीट्रिसच्या त्या खंडांचं पुढे काय होतं ते तुला आठवायला हवं होतं. ती मुलगी हौसेने ते लिहायच्या टेबलावर मांडायला जाते, एक खंड कलंडतो, मागोमाग बाकीचे, आणि टेबलावरचा मदनाचा चिनी मातीचा नाजूक पुतळा खाली पडून फुटतो. मौल्यवान वस्तू. ती काय करते? तुकडे पाकिटात भरते आणि टेबलाच्या खणात मागे सारून ठेवते. घरची मालकीण! पुढे मदन सापडत नाही म्हणून एका नोकरावर आळ येतो, प्रकरण मॅक्सिमपर्यंत जातं आणि तिला डॅन्व्हर्ससमोर कबूल करावं लागतं. मॅक्सिम म्हणतो, मोलकरणीसारखी वागलीस.

अगं, पत्रभर तू साम्यं मोजलीस. घर, नवरा, नणंद, फोटो. त्यातलं एकही पुरतं जुळत नाही. तुझा नवरा फोटो काढू का म्हणून आधी विचारणारा आहे. मॅक्सिमने तसं काहीच विचारलं नव्हतं, त्याने लग्नाची मागणीसुद्धा 'वेडे पोरी' म्हणून घातली होती. (नवरा खरोखर मॅक्सिमसारखा असेल, म्हणजे बायकोला कायम लहान ठेवणारा, काही विचारलं की तोडून बोलणारा, तर हा सल्ला लागू नाही. त्या मैत्रिणींनी मला वेगळं लिहावं.) जे साम्य हुबेहूब आहे ते तू ता. क.मध्ये टाकलंस आणि वर 'असंच सांगितलं' म्हणालीस. कपड्यांखाली लपवलेले तुकडे. तो निळा मग फुटणं हा अपघात होता. लपवताना मात्र तू कबूल केलंस की ह्या घरातल्या वस्तू फोडायचा तुला हक्क नाही, कारण तू इथली नाहीस.

म्हणून सुरुवात फोटोपासून करू नकोस, चिठ्ठ्यांपासूनही नको. तो मोठा विषय आहे आणि आत्ता तुझ्यात तेवढं बळ नाही. त्या निळ्या मगापासून कर. एखाद्या निवांत संध्याकाळी, त्याला कुठे जायची घाई नसताना, ते पुडकं कपाटातून काढ. 'हा माझ्या हातून फुटला, महिना झाला, तुला सांगायची भीती वाटली.' एवढी तीन वाक्यं. माफी मागायची तर एकदाच माग, गयावया करू नकोस. भीती का वाटली, असं तो विचारेल. तेव्हा कादंबरी मध्ये आणू नकोस. डब्यांबद्दल सांग. रोज सकाळी ते अक्षर वाचताना काय होतं ते सांग. फोटोला हो म्हणताना मनात नव्हतं, हेही सांग.

मग त्याला विचार, हा मग कुठला होता? ती त्यात काय प्यायची? आणि ऐक. तो बोलताना तुझं तोंड उतरेल, उतरू दे. तुला मत्सर वाटेल, तोही वाटू दे, पण उठून जाऊ नकोस. ती कुठे चुकायची, कशावरून रुसायची, हे कळत गेलं की जिच्याशी तू दीड वर्ष झुंजते आहेस ती बाई आणि जी खरंच ह्या घरात राहिली ती बाई, ह्या दोघी वेगळ्या आहेत हे तुला आपोआप दिसेल. जेन एअरच्या वाड्यात कोंडलेल्या पहिल्या बायकोला स्वतःची गोष्ट मिळायला १९६६ साल उजाडावं लागलं, जीन ऱ्हिसने ती लिहिली तेव्हा. रिबेकाला तर मँडरलीत तोंड उघडायची संधीच नाही. तुझ्या घरातल्या तिला तरी मिळू दे.

चिठ्ठ्या काढायच्या की ठेवायच्या, हे त्यानंतर दोघांनी बसून ठरवा. एखादी त्याला जपून ठेवावीशी वाटेल, ती त्याला त्याच्या जागी ठेवू दे. डबे तू रोज हाताळतेस, त्यांवर तुझं अक्षर असायला काहीच हरकत नाही. फोटोचंही तसंच, तो आता कुठे असावा हे तू बोलून दाखवू शकतेस. दीड वर्षापूर्वी दिलेला शब्द आहे तो, बदलता येतो.

आणि पुन्हा लिहिशील तेव्हा खाली तुझं नाव लिही. छापायचं की नाही ते मी बघेन, पण मला ते हवंय.

पुडकं उघडताना सावकाश, कडा धारदार असतात. कान अख्खा आहे म्हणालीस ना, तो आधी त्याच्या हातात दे.

तुझी,
ताई